सबमिट दबून नाही राहिलं? मग आधी हे बघा

फॉर्म अडला की दुकानात दोनच निदानं ऐकू येतात. एक, “सर्व्हर डाऊन आहे.” दोन, “कॉम्प्युटर फॉरमॅट मारा.” नागपुरात मानेवाडा रोडवर माझं ऑनलाईन फॉर्म, झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. बारावीचा निकाल लागल्यापासून पाऊस चांगला लागेपर्यंत ही दोन वाक्यं दिवसभर कानावर पडतात, आणि बहुतेक वेळा दोन्ही चुकीची असतात. ड्रॉपडाऊन उघडत नाही, तारीख बसत नाही, फोटो चढत नाही, बटण दाबलं तरी ढिम्म. यातलं बरंचसं ब्राऊझरचं आणि त्या पानाचं जमत नसल्यामुळे होतं आणि बसल्या जागी सुटतं. फक्त अडलंय कुठे, हे आधी ठरवायचं. ते न ठरवता सेटिंग्जमध्ये हात घातला की एकाचे चार घोळ होतात.

हात घालणाऱ्यांचं आवडतं काम म्हणजे हिस्टरी साफ करणं. ते शेवटी करा. कुकीज, म्हणजे साईटने ब्राऊझरमध्ये ठेवलेल्या खुणा, उडाल्या की लॉगिन जातं, अर्धा भरलेला फॉर्म जातो, आणि त्या यादीत पासवर्डवर टिक राहून गेली असेल तर साठवलेले पासवर्डही जातात. काही साफ न करता तपासायला इनकॉग्निटो, म्हणजे खासगी खिडकी आहे: क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एन, फायरफॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-पी. त्या खिडकीत जुन्या कुकीज नसतात, साठवलेलं जुनं पान नसतं, आणि तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्स्टेन्शनही (ब्राऊझरला जोडलेले छोटे प्रोग्राम) बंद असतात. तिथे फॉर्म चालला तर साईट चांगली आहे, कॉम्प्युटर चांगला आहे, दोष तुमच्या रोजच्या खिडकीत साचलेल्या कशाचा तरी आहे. मग आधी कंट्रोल-एफ५ दाबून पान नव्याने मागवा. तरी नाही हललं तर एक्स्टेन्शन एकेक करून बंद करत जा. माझा पहिला संशय जाहिराती अडवणाऱ्यावर असतो, दुसरा व्हिडिओ उतरवून देणाऱ्यावर. सगळी एकदम बंद करू नका, नाहीतर गुन्हेगार कोण ते कधीच कळत नाही. साफच करायचं झालं तर पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून फक्त त्या एका साईटचा डेटा काढा. बाकीच्या साईटींनी काय घोडं मारलंय?

इनकॉग्निटोतही अडत असेल तर दुसरा ब्राऊझर. इथे एक गंमत असते. क्रोममध्ये चाललं नाही म्हणून लोक एज उघडतात, मग ब्रेव्ह, मग ओपेरा, आणि “चारही ब्राऊझरमध्ये बघितलं” म्हणून सांगतात. या चौघांच्या पोटात पान उघडून दाखवणारं इंजिन एकच आहे, क्रोमियमचं. खरा दुसरा साक्षीदार हवा असेल तर फायरफॉक्स, त्याचं इंजिन वेगळं आहे. मी दुकानातल्या प्रत्येक मशीनवर तो टाकून ठेवलाय, रोज लागत नसला तरी. आयफोनवर तर याहून वाईट: आपल्याकडे आयफोनवर क्रोम टाका की फायरफॉक्स, आत सफारीचंच इंजिन चालतं. तिथे ब्राऊझर बदलून काही सिद्ध होत नाही, दुसऱ्याचा अँड्रॉइड फोन मागून बघावं.

फायरफॉक्समध्येही नाही, तर दुकानाचं वायफाय सोडून मोबाईलच्या हॉटस्पॉटवर एकदा बघा. तिथेही नाही, तर आता म्हणा सर्व्हर डाऊन आहे, आणि चहा प्या.

हे सगळं करण्याआधी दोन फुकटातल्या गोष्टी बघायच्या. पहिली, झूम. कंट्रोल-शून्य दाबा. जुन्या लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ चा असतो, त्यात विंडोजचं स्केलिंग १२५ टक्के, वरून कोणीतरी डोळ्यांसाठी ब्राऊझर मोठा केलेला. मग पानात उघडलेल्या छोट्या चौकटीतलं ‘ओके’ बटण पडद्याच्या खाली जातं, आणि चौकट सरकत नाही. कंट्रोल धरून वजा दाबत जा, बटण वर येतं. दुसरी, घड्याळ. मदरबोर्डचा सेल संपलेलं मशीन लाईट जाऊन आली की कुठल्या तरी जुन्या वर्षात जाऊन बसतं, आणि मग प्रत्येक सुरक्षित साईट प्रमाणपत्राच्या तारखेवरून अडते. उजव्या कोपऱ्यातली तारीख वाचायला किती वेळ लागतो?

आता फॉर्ममधल्या एकेका यादीकडे, बटणाकडे आणि चौकटीकडे येऊ.

“ताई, तालुका येऊनच नाही राहिला.” जिल्हा नागपूर निवडला, खालची तालुक्याची यादी मात्र रिकामी. या याद्या एकमेकींवर टांगलेल्या असतात: जिल्हा बदलला की पान सर्व्हरला विचारतं, उत्तर आलं की तालुके भरतात, तालुका निवडला की गावं. साखळी नेमकी कुठे तुटली ते एफ१२ दाबून दिसतं. घाबरायचं काही नाही, त्यात नुसतं बघितल्याने काही बिघडत नाही. वरच्या ‘नेटवर्क’ टॅबवर जा, पान रिफ्रेश करा आणि जिल्हा पुन्हा निवडा. निवडताक्षणी खाली नवी ओळ आली आणि तिच्यापुढे ५०० किंवा ५०३ दिसलं, तर सर्व्हर कोसळतोय, तुमच्या हातात काही नाही. ४०१ किंवा ४०३ दिसलं तर बहुतेक सेशन (लॉगिनची मुदत) संपलंय, पुन्हा लॉगिन करा. पण ओळच उमटली नाही, तर पानातली स्क्रिप्ट, म्हणजे पान चालवणारा छोटा प्रोग्राम, आधीच मेलेली आहे. शेजारच्या ‘कन्सोल’ टॅबमध्ये लाल अक्षरात ती कशाने मेली ते लिहिलेलं असतं. त्या ओळीत ‘सिंटॅक्स एरर’ असेल तर बऱ्याचदा ब्राऊझर जुना असतो आणि नव्या पानाची भाषा त्याला कळत नाही. ‘ब्लॉक्ड बाय क्लायंट’ असेल तर तुमच्याच एक्स्टेन्शनने ती अडवली आहे.

स्क्रिप्ट जिवंत असून यादी रिकामी राहण्याचं एक कारण ऑटोफिल. पत्ता आधी साठवलेला असतो, क्रोम एका झटक्यात सगळ्या चौकटी भरून मोकळा होतो, पण काही पानांना जिल्हा बदलल्याचं कळतच नाही. डोळ्यांना ‘नागपूर’ दिसतंय, पानाच्या लेखी काही निवडलेलंच नाही. दुसरा कोणताही जिल्हा निवडा, मग परत नागपूर निवडा. चौदा तालुके आले की समजा यादी पूर्ण आली. आणि सापडत नसेल तर इंग्रजी स्पेलिंगचाही विचार करा: कामठीची माणसं ‘के-ए-एम-टी’ शोधत बसतात, यादीत तिच्या पोटात ‘पी’ असतो.

दुसरं कारण भाषांतर. क्रोम वर विचारतो, हे पान मराठीत करू का? माणूस आनंदाने हो म्हणतो. भाषांतर करताना क्रोम पानातला मजकूर उचलून स्वतःच्या वेष्टणात घालतो, आणि नव्या पद्धतीने बांधलेली काही पानं त्याने चक्क कोलमडतात: बटण दाबलं की पांढरं पान. याहून वाईट म्हणजे, ज्या यादीत पर्यायामागे वेगळा कोड ठेवलेला नसतो तिथे दिसणारा शब्दच सर्व्हरला जातो. तुम्ही भाषांतर झालेला शब्द पाठवता, सर्व्हर म्हणतो असला पर्याय माझ्याकडे नाहीच. म्हणून फॉर्म मूळ भाषेतच भरा. वाचायला अडचण असेल तर दुसऱ्या टॅबमध्ये भाषांतर उघडून शेजारी ठेवा.

यादीवर क्लिकच लागत नसेल तर माऊस सोडा. टॅबने यादीपर्यंत जा, ऑल्ट धरून खालचा बाण दाबा, यादी उघडते. नाव टाईप केलं की त्या नावावर जाते. सबमिटचंही तसंच, टॅबने बटणावर पोहोचा आणि स्पेस दाबा. माऊसने न दबणारं बटण असं दबलं तर त्याच्यावर काहीतरी अदृश्य पसरलेलं आहे, बहुधा नीट बंद न झालेली सूचनेची चौकट. आणि बटण फिकटच दिसत असेल तर ते बिघडलेलं नाही: वर कुठली तरी तारांकित चौकट, नाहीतर ‘मला मान्य आहे’ची टिक राहिली आहे. घडीघडी तेच दाबून काय होणार?

तारखेवर जरा थांबते, कारण तिथे फॉर्म अडत नाही, मुकाट चुकतो, आणि ते कळतं कागदपत्र तपासणीच्या टेबलावर. तारखेच्या चौकटी दोन जातीच्या असतात. एक ब्राऊझरची स्वतःची, दुसरी साईटवाल्यांनी बनवलेली. ब्राऊझरच्या चौकटीत दिवस आधी की महिना आधी, हे साईट ठरवत नाही. ते ब्राऊझरच्या भाषेवर आणि विंडोजच्या रिजनवर ठरतं. इंग्रजी अमेरिकेचं असलेल्या मशीनवर महिना आधी येतो. दाखल्यावर ०५/०८/२००७ आहे, पोरगं पाच ऑगस्टचं आहे, तुम्ही सरळ टाईप केलं तर ते आठ मेचं होतं आणि कोणी तक्रार करत नाही. २५ तारीख असेल तर क्रोममध्ये आणखी मजा. महिन्याच्या जागी २ दाबताक्षणी तो फेब्रुवारी समजून पुढे उडी मारतो, ५ दिवसाच्या जागी जाऊन बसतो, उरलेले सगळे आकडे वर्षात घुसतात आणि वर्ष पाच-सहा आकडी होतं. मग “इनव्हॅलिड डेट” येतं आणि माणूस म्हणतो साईट खराब आहे.

उपाय दोन. लगेचचा म्हणजे टाईप केल्यावर चौकटीतलं कॅलेंडरचं चिन्ह दाबा आणि महिन्याचं नाव वाचा. कायमचा म्हणजे क्रोमच्या भाषांमध्ये इंग्रजी भारत सगळ्यात वर आणा, तीच भाषा क्रोमची स्वतःची करा, विंडोजमध्ये रिजनल फॉरमॅट भारताचा करा आणि क्रोम बंद करून पुन्हा उघडा. पडद्यावर काहीही क्रम दिसो, ब्राऊझरची चौकट आतून वर्ष-महिना-दिवस अशाच क्रमाने तारीख पाठवते. त्यामुळे पडद्यावरचा महिना बरोबर असेल तर पुढे जाणारी तारीखही बरोबर.

साईटवाल्यांच्या चौकटीत बहुतेकदा टाईपच करता येत नाही, कॅलेंडरमधूनच निवडावं लागतं. श्रावणबाळचा अर्ज भरायला आलेल्या आजीची १९५४ ची जन्मतारीख महिना-महिना मागे सरकवत कोणी पोहोचणार? कॅलेंडरच्या डोक्यावरच्या महिना-वर्षावर क्लिक करून बघा, बऱ्याच ठिकाणी तिथे वर्षांची यादी उघडते. अँड्रॉइडच्या कॅलेंडरमध्येही वर लिहिलेल्या वर्षावर बोट ठेवलं की वर्षं येतात. हे माहीत नसल्यामुळे पोट्टे पंधरा-पंधरा मिनिटं पडदा सरकवत बसलेले बघितलेत मी.

मोबाईल नंबर बरोबर, दहाच आकडे, तरी लाल अक्षरात “व्हॅलिड नंबर टाका”? की-बोर्ड मराठी आहे का बघा. देवनागरीतले ९८ आणि इंग्रजीतले ९८ आपल्याला सारखे, पण तपासणी करणारी स्क्रिप्ट सहसा फक्त इंग्रजी आकडेच आकडे मानते. पिनकोड, खाते क्रमांक, उत्पन्न, सगळीकडे हेच. मराठी मजकुराच्या चौकटीत उलटा प्रकार: कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टाईप केलेलं नाव वर्डमधून आणून चिकटवलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. त्याला ब्राऊझर काही करू शकत नाही, युनिकोडमध्ये नव्याने टाईप करा. आणि आकड्यांच्या चौकटीत टाईप केल्यावर बाहेर क्लिक करून मगच माऊसचं चाक फिरवा. चौकट निवडलेली राहिली तर काही पानांवर चाकाबरोबर उत्पन्नाचा आकडाही एक-दोनने सरकतो.

फोटो आणि सही. केबीची मर्यादा सगळ्यांना ठाऊक असते, फाईलच्या नावाच्या शेपटाकडे कोणी बघत नाही. विंडोजवर क्रोममधून उतरवलेला फोटो कधीकधी ‘जेएफआयएफ’ शेपटाने येतो. तो जेपीजीच असतो, फक्त नाव बदला. काही साईट शेवटची अक्षरं कॅपिटल असली तरी नाकारतात, ती छोटी करा. आयफोनचा ‘एचईआयसी’ मात्र नुसतं नाव बदलून चालत नाही, तो खरोखर रूपांतर करावा लागतो. शेपूट दिसतच नसेल तर फोल्डरच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन फाईल नेम एक्स्टेन्शन चालू करा.

पैसे भरण्याची किंवा पावतीची खिडकी उघडलीच नाही तर पत्त्याच्या उजव्या टोकाला पॉप-अप अडवल्याचं बारीक चिन्ह असतं. त्या साईटला परवानगी द्या. पण पैसे कापल्याचा मेसेज आला असेल तर आधी व्यवहाराची स्थिती बघा, मग दुसऱ्यांदा बटणाला हात लावा.

आता थंबचं, म्हणजे अंगठ्याचा ठसा घेणारं मशीन, ज्याच्यावरून माझ्याकडे आसपासचे सेंटरवाले सगळ्यात जास्त फोन करतात. “डिव्हाइस रेडी दाखवते, पण पेजवर थंब येऊन नाही राहिला.” यात ब्राऊझर थेट मशीनशी बोलत नाही. तुमच्याच कॉम्प्युटरवर आरडी सर्व्हिस नावाचा प्रोग्राम मागे चालू असतो, पान त्याला १२७.०.०.१ या पत्त्यावर ११,१०० ते ११,१२० मधल्या पोर्टवर (म्हणजे त्या पत्त्यावरच्या एका क्रमांकाच्या दारावर) हाक मारतं. म्हणजे मशीन, सर्व्हिस आणि ब्राऊझर अशी तीन माणसं आहेत, आणि “डिव्हाइस रेडी” याचा अर्थ पहिल्या दोघांचं जमलंय एवढाच. अशा वेळी केबल काढघाल करण्यात अर्थ नाही. ब्राऊझरची बाजू बघा. नव्या क्रोममध्ये एखादं पान तुमच्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रामशी बोलू पाहतं तेव्हा स्थानिक नेटवर्कची परवानगी विचारली जाते. घाईत कोणीतरी ‘ब्लॉक’ दाबलेलं असतं. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हातून साईट सेटिंग्जमध्ये जा आणि ती परवानगी द्या. ती दिलेली असेल तर अँटिव्हायरसची फायरवॉल थोडा वेळ थांबवून बघा, आणि तपासून झाल्यावर आठवणीने चालू करा. दोन कंपन्यांची मशीनं एकाच कॉम्प्युटरवर टाकलेली असतील तर जे लागत नाही त्याची सर्व्हिस बंद ठेवा. दोन्ही सर्व्हिस वेगवेगळे पोर्ट धरतात आणि काही पानं पहिलीला भेटून तिथेच थांबतात. आणि “डिव्हाइस रेडी”च दिसत नसेल तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन ती सर्व्हिस रीस्टार्ट करा, अपडेटनंतर ती कधीकधी झोपलेली सापडते.

टेंडरवाल्यांच्या डिजिटल सहीच्या टोकनचंही आता असंच आहे: सही करून देणारा ‘साईनर’ हा छोटा प्रोग्राम आधी चालू करावा लागतो, मग पान त्याच्याशी बोलतं. पूर्वी हे काम ब्राऊझरच्या आत चालणारं जावा ॲपलेट करायचं. क्रोमने असल्या प्लगइनचा आधार सप्टेंबर २०१५ मध्ये काढला, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला संपलं आणि इंटरनेट एक्सप्लोरर ११ ला मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला निवृत्त केलं. म्हणून मदत पुस्तिकेत “जावा टाका, ॲक्टिव्हएक्स चालू करा” असं दिसलं की आधी ती पुस्तिका कधीची आहे ते बघा. साईट सुधारलेली आणि पुस्तिका तीच, हे इतकं सर्रास आहे की मी पुस्तिकेच्या आधी साईटवरच्या ताज्या सूचना वाचते.

साईट खरोखरच जुनी असेल तर एजमध्ये आयई (इंटरनेट एक्सप्लोरर) मोड आहे. सेटिंग्जमध्ये ‘डिफॉल्ट ब्राऊझर’ उघडा, इंटरनेट एक्सप्लोरर मोडमध्ये साईट पुन्हा लोड करण्याची परवानगी ‘अलाऊ’ करा, एज पुन्हा सुरू करा. मग तिथल्याच यादीत त्या साईटचा पत्ता टाका आणि साईट पुन्हा लोड करा. यादीतली नोंद ३० दिवसांनी गळते. “कालपर्यंत चालत होतं” म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं एवढंच झालेलं असतं, पुन्हा टाका. हा मोड किमान २०२९ पर्यंत ठेवू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. पण चांगल्या चालणाऱ्या नव्या साईट त्यात उघडू नका, त्या तिथे मोडतात.

विंडोज ७ वर अडून बसलेल्यांसाठी एकच ओळ: त्यावर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही, त्यामुळे ते मशीन प्रिंट काढायला ठेवा आणि फॉर्म दुसऱ्यावर भरा.

मोबाईलवर भरणाऱ्यांनी लिंक इन्स्टाग्राम किंवा फेसबुकच्या आतच उघडू नये. त्या आतल्या ब्राऊझरमध्ये फाईल चढवणं, पावती उतरवणं, ओटीपी बघून परत येणं, सगळ्यालाच अडचण. तीन टिंबं दाबा आणि क्रोममध्ये उघडा. मोबाईलच्या पानावर बटणच सापडत नसेल तर ‘डेस्कटॉप साईट’ची टिक करून बघा, काम झालं की काढा.

आणि दोष साईटचाच निघाला तर हेल्पडेस्कला “फॉर्म भरून नाही राहिला” एवढंच लिहू नका, त्याला कोणी उत्तर देत नाही. ब्राऊझरचं नाव आणि आवृत्ती लिहा, ती तीन टिंबं, हेल्प, अबाऊट इथे मिळते. विंडोज की अँड्रॉइड ते लिहा, नेमकी वेळ, कोणती चौकट, काय निवडल्यावर अडलं, फायरफॉक्समध्ये आणि दुसऱ्या नेटवर काय झालं ते लिहा. कन्सोलमधल्या लाल ओळीचा स्क्रीनशॉट जोडा. मुदत जवळ असेल तर कोपऱ्यातली तारीख-वेळ दिसेल असा पूर्ण पडद्याचा फोटोही ठेवा, पुढे मुदतवाढ मागताना तोच कामी येतो. पाठवण्याआधी त्यावरचा आधार क्रमांक आणि मोबाईल नंबर तेवढा काळ्या रंगाने झाका.